प्रवाळ मत्स्यालयातील ओझोनचा सुरक्षित वापर

ओझोन हा तीव्र ऑक्सिडीकारक वायू आहे. घरगुती प्रवाळ मत्स्यालयातील पिवळसर सेंद्रिय द्रव्यांचे विघटन करून पाणी नितळ ठेवण्यासाठी तो वापरतात. मात्र खाऱ्या पाण्यातील ब्रोमाइडशी त्याची अभिक्रिया होऊन प्रवाळांना व माशांना घातक अशी ब्रोमीनयुक्त द्रव्ये तयार होतात. म्हणून ओझोन थेट टाकीत न सोडता प्रोटीन स्किमरमध्ये मिसळतात आणि तेथून बाहेर पडणारे पाणी व हवा सक्रिय कोळशातून गाळतात. ऑक्सिडीकरण-क्षपण विभव ४०० मिलिव्होल्टच्या वर जाऊ नये म्हणून स्वयंचलित नियंत्रक लावतात.

वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत खारपाणपट्ट्याचे भूजल खारे असले, तरी त्यातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याहून भिन्न असते. त्यामुळे शुद्ध पाण्यात कृत्रिम सागरी मीठ मिसळावे लागते; त्यातही सामान्यतः ब्रोमाइड असते. उन्हाळ्यात कूलरची दमट हवा ओझोनयंत्रात गेल्यास ओझोन कमी मिळतो आणि नायट्रिक आम्ल तयार होते. यासाठी हवा आधी सिलिका जेलमधून कोरडी करतात.

बंद खोलीतील गळती श्वसनमार्गास अपायकारक असते. नाक या वासाला लवकर सरावते. त्यामुळे वास येईनासा झाला म्हणजे गळती थांबली, असे मानता येत नाही. वास जाणवताच यंत्र बंद करून खिडक्या उघडणे आवश्यक असते.