लेखकाची दुसरी वही

जून संपता संपता मराठी लेखकांचे फोन वाजू लागतात. "यंदा आमच्या दिवाळी अंकासाठी काहीतरी द्याच," असा पलीकडून आग्रह होतो, विषयावर दोन मिनिटं बोलणं होतं आणि 'पंधरा ऑगस्टपर्यंत पाठवतो' असा शब्द दिला जातो. नोकरी सांभाळून लिहिणारा एक-दोन अंकांवर थांबतो. ज्याचं घरच लेखनावर चालतं त्याच्या तोंडून मात्र नकार निघत नाही. आठ दिवाळी अंक, दैनिकातलं पाक्षिक सदर, जाहिरात एजन्सीची माहितीपत्रकं, एखाद्या प्रकाशकाकडचा अनुवाद असं सगळं तो एकदम अंगावर घेतो आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात संपादकांचे फोन टाळू लागतो.

ही धांदल जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तो १९०९ मध्ये. आज दरवर्षी शेकडो अंक निघतात आणि मराठीत मुक्त लेखन करणाऱ्याच्या वर्षाला तेच आकार देतात. त्यातही गंमत अशी, की हे वर्ष इंग्रजी कॅलेंडरला जुमानत नाही. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरवर जातं. म्हणजे अठरा दिवस जास्तीचे मिळतात. पण गणपतीही तेवढेच पुढे सरकतात, आणि ज्या घरात दहा दिवस गणपती असतो तिथल्या लेखकाला हे आधी पाहून ठेवावंच लागतं. भिंतीवरचं पंचांगवालं कॅलेंडर हे या धंद्यातलं पहिलं अवजार म्हणायला हरकत नाही.

आता थोडं गणित. दिवाळी अंकातला लेख अडीच हजार शब्दांचा धरला, तर आठ लेखांचे वीस हजार शब्द होतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमधले कादंबरीकार अँथनी ट्रोलोप यांनी हे काम दोन आठवड्यांत उरकलं असतं.

ट्रोलोप हे टपाल खात्यातले अधिकारी. १८३४ मध्ये नोकरीला लागले आणि १८६७ मध्ये बाहेर पडले. मधल्या काळात खात्याचं काम आणि कादंबऱ्या दोन्ही सुरू होतं. पहाटे साडेपाचला ते टेबलाशी बसत. उठवायला एक म्हातारा नोकर होता, त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जादा मिळत. तो कॉफी घेऊन हाक मारी. आधी अर्धा तास आदल्या दिवशीचं वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे, असा नेम. खरी मेख मात्र त्यांच्या डायरीत होती. नवी कादंबरी हाती घेतली, की ते एक डायरी आखत. तिचे आठवडे पाडलेले असत आणि रोज किती पानं झाली ते त्यात टिपलं जाई. आठवड्याला सरासरी चाळीस पानं, पानाला २५० शब्द. कधी वीसच होत, कधी ११२ पर्यंत मजल जाई. एखादा आठवडा कोरा गेला तर तो कोरेपणा त्या डायरीतून डोळ्यांना खुपत राही. अशा शिस्तीत त्यांनी ४७ कादंबऱ्या लिहिल्या. १८८२ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी निघालेल्या आत्मचरित्रात हा सगळा हिशेब, अगदी कुठल्या पुस्तकाने किती पैसे दिले त्याच्या यादीसकट, छापलेला होता. एकूण बेरीज ६८,९३९ पौंड आणि वर काही शिलिंग. समीक्षकांनी नाकं मुरडली. प्रतिभेची अशी रोजकीर्द मांडलेली त्यांना रुचली नाही.

मराठीतही भरभरून लिहिणारे कमी नाहीत. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हजाराच्या पुढे गेल्या. जयवंत दळवी मुंबईत अमेरिकन माहिती खात्यात नोकरी करत होते आणि त्याच काळात कथा, कादंबऱ्या लिहून शिवाय 'ललित'मध्ये वर्षानुवर्षं 'ठणठणपाळ' होऊन साहित्यिकांच्या टोप्या उडवत होते. मनात आलं तेव्हा लिहून असं काम होत नाही.

मग आठ लेखांवर लेखक अडकतो कुठे? उघड आहे: वीस हजार शब्दांच्या आजूबाजूला जे असतं त्यात. संदर्भासाठी ग्रंथालयात घालवलेले दिवस, मुलाखत द्यायला तयार झालेल्या आणि मग गावाला गेलेल्या माणसाची वाट पाहणं, संपादकांनी सुचवलेले बदल, फोटो, परवानग्या. हा वेळ कुणीच मोजत नाही. आपल्या कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो, या खोडीकडे डॅनिएल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये लक्ष वेधलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, की प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? उत्तरांची सरासरी ३३.९ दिवस आली. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५ दिवस. हे प्रमाण दीडपटीहून थोडं अधिक पडतं. मुक्त लेखकाने ते सरळ आपल्या धंद्याला लावावं: दहा दिवसांचं वाटणारं काम सोळा दिवसांचं धरायचं आणि मग आठ अंकांना होकार द्यायचा की पाचांना, ते ठरवायचं.

उद्दिष्ट ठरवण्याबद्दलही असंच एक जुनं, ठोस संशोधन आहे. एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं, की 'जमेल तेवढं चांगलं करा' असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि जरा अवघड उद्दिष्ट दिलेला माणूस जास्त काम करतो. त्यांचे सहकारी गॅरी लॅथम यांनी ते ओक्लाहोमातल्या लाकडाच्या ट्रकांवर तपासलं. चालक कायद्याने चालणाऱ्या वजनाच्या साधारण साठ टक्केच ओंडके भरत. त्यांना ९४ टक्क्यांचं लक्ष्य दिलं. बक्षीस नाही, दंड नाही. तरी काही महिन्यांत भरती नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली. १९७५ चा हा प्रयोग व्यवस्थापनाच्या पुस्तकांत अजून सांगितला जातो.

फक्त एक गोष्ट विसरून चालत नाही. ट्रकमध्ये किती भरायचं हे चालकाच्या हातात होतं. 'यंदा अमुक मासिकात तीन लेख छापून आणायचे' हे लेखकाच्या हातात नसतं. ते संपादकाच्या, अंकातल्या पानांच्या आणि ऐन वेळी आलेल्या जाहिरातीच्या हातात असतं. 'महिन्याला चार नवे विषय सुचवून पाठवायचे' हे मात्र त्याच्या हातात असतं. 'पुस्तक पूर्ण करायचं' हे नुसतं वाटणं झालं. 'सोमवार ते शुक्रवार रोज सहाशे शब्द' हे वहीत मांडता येतं. मोठं स्वप्न पाहू नये असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकन विज्ञानकथाकार ऑक्टेव्हिया बटलर यांनी १९८८ मध्ये आपल्या वहीत, आपली पुस्तकं खपाच्या यादीत जातील, असं ठासून लिहून ठेवलं होतं. कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात त्यांचे कागद आहेत. स्वप्नाच्या त्या पानाबरोबर त्यांत कामाची वेळापत्रकं, खर्चाचे ताळे आणि स्वतःशीच केलेले करारही आहेत. उमेदवारीच्या वर्षांत मिळेल ती छोटी नोकरी करत त्या रात्री दोनला उठून लिहीत. १९९५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

तर ही दुसरी वही. पहिलीत लेख होतो, दुसरीत लेखाचा ठावठिकाणा राहतो. एक साधी एक्सेल शीट पुरते. कागदावर रेघा मारल्या तरी चालतं. विषय, कुणाला सुचवला, कधी, उत्तर काय, शब्दमर्यादा, मुदत, पाठवल्याची तारीख, छापून आल्याची तारीख, ठरलेलं मानधन, बिल दिल्याची तारीख, पैसे आल्याची तारीख, कापलेला कर, आणि शेवटचा रकाना हक्कांचा. रोज पाच मिनिटांचं काम. संपादकांकडून तीन आठवडे उत्तर नाही, हे मनात कुढत बसण्याऐवजी शीटवर दिसलं, तर आठवणीचा एक मेसेज तरी जातो.

याच शीटच्या दुसऱ्या पानावर जयंत्या आणि शताब्द्या असाव्यात. विजय तेंडुलकरांचा जन्म ६ जानेवारी १९२८ चा. म्हणजे जन्मशताब्दी वर्ष सुरू होतं ते ६ जानेवारी २०२७ ला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विषय सुचवणाऱ्याला 'आमचं ठरलं' असंच ऐकावं लागणार.

फायलींची नावं ही क्षुल्लक वाटणारी पण जीव खाणारी बाब. 'लेख', 'लेख फायनल', 'लेख फायनल नवा', 'एकदम फायनल' अशा चार फायलींतली नेमकी दुसरी छापायला गेल्याच्या कहाण्या या व्यवसायात काही कमी नाहीत. तारीख, अंक, विषय, मसुदा क्रमांक असं नाव दिलं, की प्रश्न मिटतो. मराठीत त्यावर आणखी एक पेच असतो: लेख युनिकोडमध्ये लिहिलेला आणि छापखान्यात अजून श्री-लिपीसारखी जुनी व्यवस्था. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात. म्हणून वर्ड फाइलबरोबर पीडीएफ पाठवायची. मुद्रितशोधकाला मूळ पाहता येतं.

मग पैसा. एकाच संस्थेकडून आर्थिक वर्षात व्यावसायिक मानधन ५० हजारांच्या वर गेलं, तर दहा टक्के कर उगमातच कापला जातो. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३० हजार होती. समजा, आठवड्याच्या सदराचे लेखामागे दोन हजार मिळतात. वर्षाचे एक लाख चार हजार, त्यातले दहा हजार चारशे कापले जाणार. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर भरावाच लागत नाही, त्यामुळे बहुतेक मराठी मुक्त लेखकांची ही कपात परत मिळण्यासारखी असते. पण विवरणपत्र भरलं तरच. उत्पन्न कमी म्हणून विवरणपत्रच न भरणारे लेखक आपलेच पैसे सोडून देतात. उलट ज्यांचा वर्षाचा कर कपात वजा जाता दहा हजार किंवा त्याहून जास्त निघतो, त्यांना १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या अग्रिम कराच्या तारखा पाळाव्या लागतात. सप्टेंबरची तारीख नेमकी दिवाळी अंकांच्या हातघाईत येते.

थकलेल्या मानधनाचं काय? सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात सेवा देणारेही येतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. चार जाहिरातींवर कसाबसा अंक काढणाऱ्या संपादकावर हे शस्त्र कुणी उगारणार नाही, उगारूही नये. कंपन्या आणि एजन्सींचं काम करणाऱ्याने मात्र ती नोंदणी करून बिलावर तिचा क्रमांक टाकावा.

हक्कांचा रकाना रिकामा ठेवण्याची सवय सगळ्यात महाग पडते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून न लिहिलेल्या लेखाचा पहिला मालक लेखकच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणजे फोनवर ठरलेल्या दिवाळी अंकातल्या लेखाचे हक्क अंकाकडे जात नाहीत. त्याचं पुस्तक करायला, ऑडिओ करायला लेखक मोकळा असतो. पण एजन्सीच्या तीन पानी करारावर न वाचता केलेली सही हे चित्र पालटू शकते, आणि दहा वर्षांनी कुणी विचारलं तर ती सही कशावर केली होती हे आठवत नाही. रकान्यात दोन शब्द लिहायला तेव्हा अर्धं मिनिट लागलं असतं.

या व्यवस्थेतली निम्मी जबाबदारी टेबलाच्या पलीकडच्या बाजूचीही आहे. जूनमधल्या त्या फोननंतर संपादकांनी एक मेसेज पाठवावा: शब्द किती, मुदत कोणती, मानधन किती आणि ते कोणत्या महिन्यात मिळेल. आणि तसा मेसेज आला नाही, तर लेखकाने न लाजता तो स्वतः लिहून पाठवावा आणि 'बरोबर आहे ना?' एवढं विचारून उत्तर घ्यावं.