पोक, ताण आणि ‘ताठ बस’

कोटरा सुल्तानाबादच्या आमच्या घरात दिवसातून दहादा एक वाक्य ऐकू येतं : ‘पोक काढू नकोस, ताठ बस.’ आजी ते मायेनेच म्हणते, पण त्यामागे समज असा, की वाकलेली पाठ म्हणजे आळस. गेल्या परीक्षेआधी माझी मान आणि पाठ इतकी दुखायला लागली की फिजिओथेरपिस्टकडे जावं लागलं. त्यांनी पाठ तपासायच्या आधी विचारलं : झोप किती होते? पेपर कधी आहेत? घरी काही टेन्शन? मला जरा रागच आला. दुखतेय पाठ, आणि चौकशी मनाची!

राग ओसरल्यावर वाचायला घेतलं. आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही बाजूंनी पाहायला हवं, असं अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी १९७७ मध्येच मांडलं होतं. पाठदुखीत ते फार लागू पडतं. ताण आला की मानेचे आणि खांद्यांचे स्नायू आखडतात. झोप अपुरी असली की तेवढंच दुखणं जास्त जाणवतं. मग दुखेल या भीतीने आपण हालचाल टाळतो, स्नायू कमकुवत होतात आणि खरंच दुखायला लागतं. म्हणून नुसतं ताठ बसून भागत नाही. तासन्‌तास ताठ बसलं तरी पाठ कुरकुरतेच. अधूनमधून उठायला हवं. (स्कोलिओसिस किंवा म्हातारपणी हाडं ठिसूळ होऊन आलेला बाक ही वेगळी गोष्ट. तिथे मनाला दोष देऊ नये.)

उलट्या दिशेने, म्हणजे ताठ उभं राहून मन बदलतं का? २०१० मध्ये डेना कार्नी, एमी कडी आणि अँडी यॅप यांनी ४२ जणांवर प्रयोग करून सांगितलं, की दोन मिनिटं ऐटीत राहिलं तरी हार्मोन्स बदलतात. त्याचा केवढा गवगवा झाला! २०१५ मध्ये २०० जणांवर तोच प्रयोग झाला तेव्हा लोकांना थोडं बळ आल्यासारखं वाटलं, हार्मोन्स मात्र जिथल्या तिथे. २०१६ मध्ये खुद्द कार्नी यांनीच त्या निष्कर्षावरचा आपला विश्वास उडाल्याचं जाहीर केलं. रील्समध्ये हे कुणी सांगत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो समाज. आठवीत मी वर्गात सगळ्यांत उंच होते. उंची लपवायला आणि वाढत्या वयात अंग चोरायला खांदे पुढे घ्यायचे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मी ते शिकले, आणि माझ्या मैत्रिणीही शिकल्या. तो आळस नव्हता.

आपल्या भाषेत तर अख्ख्या जातीच्या वाकण्याला एक शब्द होता : जोहार. महारांनी वरच्या जातीला करायचा नमस्कार. चोखोबांच्या अभंगांतही तो आहे. पुढे त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली, त्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना देतात. अभिवादन बदललं आणि त्याबरोबर माणसाचं उभं राहणंही. ते कुठल्या व्यायामाने झालं नसतं.

आमच्या चर्चमध्येही शरीराची भाषा आहेच. शुभवर्तमान वाचताना आपण उभे राहतो. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेने तर रविवारी गुडघे न टेकता उभं राहूनच प्रार्थना करायचा नियम केला होता, कारण तो पुनरुत्थानाचा दिवस. स्वतःहून गुडघे टेकणं आणि दुसऱ्याने वाकवणं यात मला जमीन-अस्मानाचा फरक वाटतो.

लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, अठरा वर्षं कमरेतून वाकलेली एक बाई आहे. तिला सरळ होताच येत नसे. येशू तिला भरल्या सभास्थानात जवळ बोलावतो, हात ठेवतो आणि ती सरळ उभी राहते. लहानपणी माझं लक्ष फक्त चमत्काराकडे असायचं. आता पुढचं वाक्य जास्त खटकतं : सभास्थानाचा अधिकारी चिडतो आणि लोकांना सांगतो, बरं व्हायचं तर आठवड्याच्या बाकी सहा दिवसांत या.