मराठी एसएमएस पाठवताय? आधी अक्षरं मोजा!

कोरपना, गडचांदूर भागातल्या कृषी केंद्रवाल्यांनो, ग्राहकांना बल्क एसएमएस पाठवत असाल तर हे वाचाच. एका इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘गडचांदूर’ दिसायला पाच अक्षरी, पण मोजणीत आठ! एकूण ७१ झाली की दोन एसएमएस धरले जातात. ५०० शेतकऱ्यांना पाठवला तर १००० क्रेडिट गेलेच. इंग्रजी मजकुरात एकच मराठी अक्षर किंवा इमोजी आला तरी ७० अक्षरांचीच मर्यादा लागते. म्हणून डीएलटीवर (बल्क एसएमएसच्या नोंदणी पोर्टलवर) टेम्प्लेट नोंदवतानाच, ग्राहकाचं सगळ्यात लांब नाव टाकून, लांबी तपासा. आणि एसएमएस पॅनेलवरचं शिल्लक क्रेडिट दर आठवड्याला नक्की बघा.