लायटरच्या भोकातलं आकाशवाणी केंद्र

गाडीतल्या लायटरवर सिगारेट पेटवणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आमच्या कोल्हापूर भागात त्या भोकाचा खरा उपयोग सुरू झाला तो बाजारात अंगठ्याएवढी चिनी वस्तू आली तेव्हा. दुकानदार तिला ‘कार एमपीथ्री’ म्हणायचे. डबी भोकात बसवायची, पेनड्राइव्ह खुपसायचा आणि गाडीचा रेडिओ ८७.५ वर आणायचा. गाडी जुनी मारुती ८०० असो की सुमो, स्टिरिओला कॅसेटचं तोंड असो की सीडीचं, रेडिओ चालू असला म्हणजे झालं.

या डबीचं मला बऱ्याच वर्षांचं वेड आहे, आणि ते तिच्या द्राविडी प्राणायामामुळे. पेनड्राइव्ह आणि स्टिरिओ यांच्यात अंतर हातभर. तेवढ्यासाठी ही बया गाणं आधी हवेत सोडते आणि छतावरची एरियल ते हवेतून उचलून पुन्हा गाडीत आणते. म्हणजे डबी छोटी असली तरी काम रेडिओ स्टेशनचंच करते. आत नखाएवढी चिप असते. जुन्या डब्यांमध्ये जपानच्या रोम कंपनीची बीएच १४१७ बरीच दिसायची. अँटेना म्हणून बहुतेकदा चार्जिंगची किंवा ऑक्सची वायरच चालते. ८८ मेगाहर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सा सुमारे ८५ सेंटिमीटर भरतो; वायर त्याच्या जवळपास असली की आवाज खणखणीत, गुंडाळून ठेवली की खरखर. ड्रायव्हर मंडळींना हे गणित ठाऊक नसतं, पण वायर कुठे मोकळी सोडायची ते बरोबर कळतं.

या वस्तूचं वर्तन पाहायचं तर नृसिंहवाडीसारखी जागा नाही. गुरुवारी, पौर्णिमेला, दत्तजयंतीला पुणे, बेळगाव, गोवा, सोलापूर अशा सगळीकडच्या गाड्या इथे दाराला दार लावून उभ्या राहतात आणि निम्म्याअधिक गाड्यांत गाणी तीच असतात: आर. एन. पराडकर, अजित कडकडे, औदुंबरच्या कवी सुधांशूंची दत्तगीतं, आणि टेंबे स्वामींनी वाडीतच रचलेली करुणात्रिपदी. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत पूर्वी कवठाच्या बर्फीशेजारी कॅसेट मिळायच्या, मग एका एमपीथ्री सीडीत शंभर गाणी, मग पेनड्राइव्ह. डबीवर जो आकडा कारखान्यातून लावून आलेला असतो तो सहसा कुणी बदलत नाही. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गाड्या हमखास एकाच आकड्यावर असतात. इकडच्या गाडीत पोरांनी हिंदी सिनेमातलं काहीतरी लावलेलं असतं आणि शेजारची गाडी हातभर पुढे सरकली की मध्येच पराडकर सुरू. गाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एक गाणं दुसऱ्याला गिळून टाकतं. मागच्या सीटवरच्या आजी हात जोडतात आणि पोरं डबी काढून झटकतात.

हे गिळणं एफएमच्या स्वभावातच आहे. सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर, १२५१ किलोहर्ट्झवर लागते. तिच्यामागे रात्री दुसरं एखादं स्टेशन कुजबुजताना ऐकू येतं, कारण तिथे दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात. एफएमच्या रेडिओला दोन लहरी आल्या तर थोडी जोरदार असलेली तो धरतो आणि दुसरी सोडून देतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरला या पद्धतीचं पेटंट १९३३ च्या डिसेंबरात मिळालं. पुढे आरसीए कंपनीशी कोर्टकज्जे करण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि १९५४ मध्ये त्याने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून उडी मारली. खटले त्याच्या बायकोने चालू ठेवले; आरसीएशी तडजोड झाली आणि बाकीचे तिने जिंकले. ती कहाणी बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून इथे थांबत नाही.

मला अडकवलं ते १९३३ च्याच दुसऱ्या एका कागदाने. भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा, १९३३ चा सतरावा. कायदा कसला, चार पानांचा ऐवज. मुंबईचं रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झालं, ते चालवणारी खाजगी कंपनी मार्च १९३० मध्ये बुडाली आणि पुढच्याच महिन्यात सरकारने कारभार हाती घेतला. कंपनी बुडण्याचं एक कारण म्हणजे लोक रेडिओ ऐकत, पण दहा रुपयांचा वार्षिक परवाना काढत नसत. अशा फुकट्यांना धरायला हा कायदा आला आणि १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. बिनतारी यंत्र परवान्याविना नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा. पहिल्या खेपेला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुढे अडीचशेपर्यंत. यंत्र ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडेल, ते त्याचंच असं कोर्टाला धरून चालता यावं, अशीही सोय. पोस्टात पैसे भरून रेडिओच्या लायसनच्या पुस्तकात तिकिटं चिकटवून घेतलेली पिढी अजून आहे. ती कटकट संपली १९८५ मध्ये.

पण हे झालं ऐकण्याच्या यंत्राचं. बोलणाऱ्या यंत्राचं, म्हणजे ट्रान्समीटरचं, कलम वेगळं आहे, आणि ते समजायला मुंबईच्या नरिमन प्रिंटरकडे जावं लागतं.

ऑगस्ट १९४२. पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त रेडिओ काढायचं ठरवलं. २७ ऑगस्टपासून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पुढे राममनोहर लोहियांचं पाठबळ मिळालं. हा इतिहास शाळेत शिकवतात, अलीकडे त्यावर सिनेमाही आला. पण ट्रान्समीटर आकाशातून पडला नव्हता. तो बनवून दिला नरिमन प्रिंटरने. हा हौशी रेडिओवाला, तंत्रात मुरलेला. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी लोकांचे परवाने रद्द केले आणि यंत्रं मोडायला लावली. प्रिंटरने सुटे भाग जमवून पुन्हा यंत्र उभं केलं. पोलिसांच्या शोधगाड्यांना चुकवत ते मुंबईत घराघरांतून फिरत राहिलं.

आणि १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांना त्या जागेपर्यंत नेलं तेही प्रिंटरनेच. पकडला गेल्यावर तो फुटला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. यंत्रसामग्री पुरवल्याचा आरोप असलेले शिकागो रेडिओचे नानक मोटवानी सुटले. प्रिंटरचं नाव मात्र इतिहासात गद्दार म्हणून एका ओळीत येतं आणि लगेच संपतं. मला ती ओळ अपुरी वाटते. फुटला हे खरंच, त्याला माफी नाही. पण बंदी असताना सुट्या भागांतून ट्रान्समीटर उभा करणं हे भाषण करण्याइतकं सोपं काम नव्हतं, आणि अडीच महिने देशाने जो आवाज ऐकला तो त्याच्याच यंत्रातून. ज्याने केलं त्यानेच मोडलं, या दोन्ही गोष्टी एकत्र सांगायचं धाडस आपल्याकडे फारसं कुणी करत नाही.

आता कलम. काँग्रेस रेडिओला सात वर्षं झाली, देश स्वतंत्र झाला, काँग्रेसचंच सरकार आलं, आणि १९४९ मध्ये त्याने इंग्रजांच्या कायद्यात भर घातली: परवान्याविना ट्रान्समीटर बाळगला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या हत्याराने आपण लढलो ते दुसऱ्याच्या हाती जाऊ नये, ही कुठल्याही राज्यकर्त्याची पहिली काळजी असावी. त्या कलमात ट्रान्समीटर किती ताकदीचा हे लिहिलेलंच नाही. शब्दाला शब्द धरून वाचलं तर वाडीच्या मैदानात उभी असलेली निम्मी वाहनं तीन वर्षांच्या शिक्षेच्या टप्प्यात येत होती.

अर्थात कुणी धरलं नाही. धरलं ते राघव महतोला. बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यात मन्सूरपूर नावाचं गाव आहे. तिथल्या या दुरुस्तीवाल्या पोराने पन्नासेक रुपयांच्या सामानातून एफएम ट्रान्समीटर बनवला, उंच इमारतीवर बांबूला अँटेना बांधली आणि ‘राघव एफएम मन्सूरपूर १’ चालवलं. गाणी, हरवलेल्या मुलांच्या सूचना, पोलिओचे निरोप. २००६ च्या सुरुवातीला बीबीसीने त्याची बातमी केली, जगभर कौतुक झालं आणि त्याच कौतुकाने महिन्याभरात केंद्र बंद पाडलं. परवाना लागतो हे त्या पोराच्या गावीही नव्हतं. प्रसारलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला दिलेला होता, आणि तो देणाऱ्या न्यायपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक, पण किल्ली सरकारजवळ!

इंग्लंडनेही या डब्या बरीच वर्षं बेकायदा ठरवल्या होत्या. ८ डिसेंबर २००६ पासून त्यांनी सरळ मोजमाप घातलं: ५० नॅनोवॅटपर्यंत परवानगी, त्यावर नाही. बंदी घालून डोळेझाक करण्यापेक्षा हे बरं. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला तोवर या डबीचाच काळ सरत आला होता. नव्या गाड्यांत ब्लूटूथ येतं. आता ती दिसते जुन्या टेम्पोत, वडापच्या जीपमध्ये आणि सेकंडहँड घेतलेल्या वॅगनआरमध्ये.

मला वाटतं, वाडीला आता थोड्या मोठ्या डबीची गरज आहे. २००६ च्या डिसेंबरातच सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली: ५० वॅटचा ट्रान्समीटर, ३० मीटरपर्यंत मनोरा, पाच-दहा किलोमीटरचा पल्ला. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी याच वाटेने उभी राहिली आणि चालते आहे. वाडीचा शिरोळ तालुका सपाट आहे, डोंगर आडवा येत नाही. वाडीतून कुरुंदवाड, शिरोळ, औरवाड सहज आवाक्यात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या या संगमावर घरंच्या घरं पाण्यात होती. अशा वेळी वीज जाते आणि पाठोपाठ मोबाईल मुके होतात. गाडीचा रेडिओ मात्र बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि उंचावर नेऊन लावलेल्या गाड्या प्रत्येक गावात असतात. राजापूर बंधाऱ्याची पातळी, कोणता रस्ता बंद, नाव कुठे लागली आहे, एवढं कुणीतरी तासातासाला सांगायला हवं. सामुदायिक रेडिओवर बातम्यांना बंधनं आहेत, पण हवामान, रस्ते आणि आपत्तीची माहिती त्यात धरत नाहीत. अर्ज एखाद्या महाविद्यालयाला किंवा नोंदणी झालेल्या संस्थेला करता येतो आणि तो पावसाळ्याच्या पुष्कळ आधी करावा लागतो, कारण दिल्लीतल्या मंजुऱ्यांना वेळ लागतो.