जखमेवर शेण नको, धनुर्वाताची सुई घ्या

मागच्या हंगामात पेरणीच्या तोंडावर कौंडण्यपूरच्या शिवारात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक घेत होतो. एक काका लंगडत आले. पायात पऱ्हाटीचं धसकट घुसलेलं, वरून शेणाचा लेप.

"काका, सुई घेतली काय?"

"कायले घ्या लागते साहेब? रक्त तं तवाच थांबलं. शेण लावलं ना!"

प्रात्यक्षिक तिथंच थांबवलं, काकांना मोटारसायकलवर बसवलं आणि आरोग्य केंद्र गाठलं. कारण रक्त थांबलं म्हणजे धोका टळला, असं नाही.

शरीराची राखण

शेतकरी बंधूंनो, आपल्या शरीराला निसर्गानं राखणदार दिले आहेत. पहिलं कुंपण कातडीचं. ते तुटलं की जखमेभोवती लाली येते, सूज येते. ही सूज म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं धावून आल्याची खूण. त्या जंतूंना गिळतात. पू म्हणजे बऱ्याच अंशी लढाईत मेलेल्या याच पेशी.

त्यामागून दुसरी फळी येते. ती जंतू ओळखून त्याच्यावर नेमका मारा करणारी प्रतिपिंडे तयार करते. काही पेशी तो जंतू वर्षानुवर्षे ध्यानात ठेवतात. म्हणून एकदा गोवर निघाला की सहसा पुन्हा निघत नाही.

धनुर्वात इथंच फसवतो

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. कवच धरून ते वर्षानुवर्षे टिकतात. धसकट, काटा किंवा खिळ्याच्या खोल जखमेत हवा पोचत नाही, तिथं ते वाढतात आणि विष सोडतात. हे विष नसांवाटे मज्जारज्जूपर्यंत पोचतं. बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दातखीळ बसते, अंग धनुष्यासारखं वाकतं, श्वास अडतो.

हे विष इतक्या थोड्या प्रमाणात मारतं, की शरीराला ते ओळखून शिकायला सवडच मिळत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. त्यालासुद्धा लस घ्यावीच लागते.

चिमटा जमिनीवर पडला

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या नावाची संस्था मुंबईत परळला आजही आहे. पुढे १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी एकाच बाटलीतली ही लस टोचलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला. चौकशीत निघालं ते वेगळंच. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. जमिनीला लागलेला चिमटा एवढा घात करतो, तर आपण जखमेवर ओंजळभर शेण थापतो!

काय करावे?

* जखम वाहत्या पाण्यानं आणि साबणानं धुवा. शेण, माती, राख, तंबाखू लावू नका.
* त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. जखम मळकी असेल आणि शेवटची सुई घेऊन पाच वर्षं उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी लागते.
* आधी कधीच लस घेतली नसेल, तर डॉक्टर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात. पुढचे डोस चुकवू नका.
* लेकरांचे आणि गरोदर बायांचे डोस वेळेवर द्या. बाळंतिणीला व नवजात बाळाला होणारा धनुर्वात देशातून जवळपास हटला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसं मान्य केलं. पण जंतू मातीत तसाच आहे.

आषाढीला रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनीही निघण्याआधी सुई घेतली की नाही, हे आठवून पाहावं.

काका आता ठणठणीत आहेत. परवा भेटले, म्हणाले, "साहेब, बियाण्याले दवा लावून पेरतो, तसंच हे बी." काकांना बरोबर समजलं. रोग आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीची बीजप्रक्रिया स्वस्त पडते.