तलावातील मासेमारीसाठी ॲल्युमिनियमची लहान होडी : निवड कशी करावी ?

गावतलाव, पाझर तलाव व मोठ्या धरणांचे जलाशय यांमध्ये कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडून मत्स्योत्पादन घेणाऱ्या सहकारी संस्था आणि शेतीला जोड म्हणून मासेमारी करणारे शेतकरी आज राज्याच्या सर्व भागांत आहेत. बीज, खाद्य व जाळी यांवर ही मंडळी विचारपूर्वक खर्च करतात. होडीच्या बाबतीत मात्र जे हाताशी असेल त्यावर भागविले जाते. थर्माकोलचे तुकडे बांधलेला तराफा, ट्रकची हवा भरलेली ट्यूब, नाहीतर गंजलेल्या लोखंडी पत्र्याची जुनी होडी. जाळे पाण्यातून ओढताना सारा भार एका बाजूला येतो आणि नेमका त्याच वेळी तराफा कलंडतो. पोहता येणारा माणूसही पायात जाळे अडकले की निरुपाय होतो. म्हणून होडीचा खर्च हा जाळ्याच्या खर्चाइतकाच आवश्यक समजला पाहिजे.

प्रथम एक खुलासा. ३० मीटर लांब-रुंद शेततळ्यासाठी होडी घेऊ नये. तेथे दोन्ही काठांवरून ओढजाळे ओढता येते. शिवाय धातूच्या होडीचा कोपरा लागून तळ्यातील प्लॅस्टिकचा कागद फाटला, तर होडीच्या किमतीपेक्षा नुकसान मोठे होईल. पुढील विवेचन तलाव व जलाशयांसाठी आहे.

सपाट तळाची होडी म्हणजे काय ?

अमेरिकेतील मिसुरी व आर्कान्सा राज्यांच्या ओझार्क डोंगराळ भागात उथळ नद्यांमधून मासेमारीसाठी पूर्वी फळ्यांची, सपाट तळाची, पुढे-मागे चौकोनी तोंडाची होडी वापरीत. तिला तेथे जॉन बोट म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांसाठी लागणारे ॲल्युमिनियम इतर कामांना मुबलक मिळू लागले आणि हीच होडी पत्र्याची बनू लागली. आपल्याकडे पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांवर ढीवर बांधव वापरतात तो डोंगा किंवा कृष्णाकाठी पुरात लोटली जाणारी गुऱ्हाळाची काहील यांमागचा विचार फार वेगळा नाही. थोड्या पाण्यात तरंगणे आणि माणसाला आधार देणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते.

सपाट तळाचा मोठा गुण असा की, शांत पाण्यात ती सहजी डगमगत नाही. उभे राहून जाळे ओढता येते. १० ते १२ सें.मी. पाण्यातही ती चालते. दोष असा की, लाटांवर तिचा तळ आपटतो व आडव्या लाटेत ती पाणी घेते. त्यामुळे गावतलाव, मध्यम प्रकल्प आणि मोठ्या जलाशयांची आतली खोरी येथे ती उत्तम. नाथसागरासारख्या उथळ व विस्तीर्ण जलाशयाच्या मध्यभागी, जेथे वाऱ्याला मैलोगणती मोकळे पाणी मिळते, तेथे पुढचा भाग निमुळता व तळ किंचित कोनाकार असलेली, उंच काठाची होडीच घ्यावी.

ॲल्युमिनियमच का ?

लाकडी होडी दुरुस्त करणे सोपे असते, पण चांगले लाकूड महाग झाले आहे आणि दरवर्षी डांबर किंवा तेल द्यावे लागते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने लाकडी होडीवर ॲल्युमिनियमचा पत्रा अथवा फायबरचा थर चढविण्याचे प्रयोग केले, ते याच कारणाने. लोखंडी पत्रा स्वस्त, पण पाण्याच्या रेषेवर गंजतो. फायबरची होडी टिकाऊ असते व सहज मिळते. मात्र त्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या होडीपेक्षा ती बरीच जड भरते आणि खडकावर आपटल्यास तडकते.

वजनाचा मुद्दा किरकोळ नाही. ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे, तर लोखंडाची सुमारे ७.८. बारा फुटी ॲल्युमिनियमची होडी साधारण ६० ते ७५ कि.ग्रॅ. भरते. जलाशयाचे पाणी ऑक्टोबरमध्ये जेथे असते तेथून मे महिन्यात शेकडो मीटर मागे सरते व मध्ये चिखल उरतो. दोन माणसांना उचलता येणारी होडी आणि सहा माणसे बोलवावी लागणारी होडी यांत फरक पडतो तो अशा दिवसांत. उन्हाळ्यात बुडीत क्षेत्रातील झाडांचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे, भिंती वर येतात. उजनीत तर पाणी उतरले की पळसदेवचे मंदिरच उघडे पडते. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमला पोचा येतो, पण शक्यतो ते फुटत नाही. आणि होडी निकामी झाली तरी भंगारात पैसे येतात. (याच कारणाने ती चोरीलाही जाते. रात्री साखळी व कुलूप लावणे भाग आहे.)

माप ठरविताना

लांबीपेक्षा तळाची रुंदी महत्त्वाची. हिशेब अगदी सोपा आहे. पाण्यात टेकलेल्या तळाचे क्षेत्रफळ ३.५ चौ. मीटर असेल, म्हणजे साधारण ३.२ मीटर लांब व १.१ मीटर रुंद, तर होडी १ सें.मी. खाली जाण्यास ३५ कि.ग्रॅ. भार लागतो. आता भार मोजू. होडी ७०, दोन माणसे १३०, ओली जाळी ४०, मासे व बर्फ १००, वल्ही-दोर १० असे ३५० कि.ग्रॅ. होतात. होडी १० सें.मी. बुडेल. काठाची उंची ४५ सें.मी. असेल तर ३५ सें.मी. काठ पाण्याबाहेर राहील. हे समाधानकारक आहे.

याउलट दहा फुटी अरुंद होडीच्या तळाचे क्षेत्रफळ २.४ चौ. मीटर धरले, तर होडीचे वजन २० कि.ग्रॅ. कमी असूनही ती जवळजवळ १४ सें.मी. बुडते. काठ ३५ सें.मी.चा असल्यास केवळ २१ सें.मी. उरतो. त्यातच जाळे ओढणारा माणूस एका बाजूला वाकला की त्या बाजूला आणखी कमी. अशी होडी एकट्याने गळ टाकण्यापुरतीच ठीक.

याच हिशेबावरून दुसरी गोष्ट लक्षात येईल. होडीत १ सें.मी. पाणी साचले की तेही सुमारे ३५ कि.ग्रॅ. भरते आणि ते स्थिर राहत नाही, होडी जिकडे झुकेल तिकडे धावते. म्हणून पाणी उपसण्याचे डबडे दोरीने बांधून ठेवलेच पाहिजे.

माणसांच्या संख्येसाठी अमेरिकेत एक आडाखा वापरतात. होडीची लांबी व रुंदी फुटात घेऊन गुणाकार करावा आणि त्याला १५ ने भागावे. १२ × ४ म्हणजे ४८, भागिले १५, उत्तर ३ माणसे. हा आकडा शांत पाण्यासाठी आहे. त्यात जाळी व मासे धरायचे तर दोनच माणसे बसवावीत.

पत्रा व जोड

आपल्याकडे अशी होडी तयार मिळण्यापेक्षा फॅब्रिकेटरकडून करवून घेण्याची वेळ अधिक येते. तेव्हा पत्र्याचा प्रकार लेखी विचारावा. ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकाचे मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू पाण्यात चांगले टिकतात. भांड्यांचा मऊ पत्रा किंवा छपराचा पातळ पत्रा चालणार नाही. तळाला २ ते २.५ मि.मी. व बाजूंना किमान १.६ मि.मी. जाडी असावी. तळाच्या आडव्या पट्ट्या ४०-४५ सें.मी. अंतरावर असाव्यात. होडी जमिनीवर ठेवून आत चालून पाहावे. पायाखाली पत्रा डब्यासारखा खालीवर होत असेल तर पट्ट्या अपुऱ्या आहेत.

जोड रिव्हेटचे किंवा वेल्डिंगचे असतात. रिव्हेट काही वर्षांनी ढिले होतात, पण ते हातोडीने पुन्हा ठोकता येतात किंवा बदलता येतात. वेल्डिंगची होडी गळत नाही, मात्र तिला आर्गॉन वायूचे वेल्डिंग लागते व ते गावच्या वर्कशॉपमध्ये बहुधा नसते. जवळपास असा कारागीर नसेल तर रिव्हेटची होडी पत्करावी, असे आमचे मत आहे. जुनी होडी विकत घेताना ती लाकडी ठोकळ्यांवर ठेवून आत वीतभर पाणी भरावे. जेथून थेंब पडतील तेथे खडूने खूण करावी. चार-दोन थेंबांना घाबरण्याचे कारण नाही. तळाच्या मधल्या जोडाला सलग ओल आली तर सौदा सोडावा.

आतील कडा, बोल्टची टोके कानशीने घासून गुळगुळीत करून घ्यावीत. नाहीतर गिलनेटचा धागा प्रत्येक खेपेला अडकेल.

बुडू नये म्हणून

लाकडी होडी पाण्याने भरली तरी तरंगत राहते. ॲल्युमिनियमची तळाशी जाते. ७० कि.ग्रॅ.ची होडी पाण्याखाली साधारण ४४ कि.ग्रॅ. वजन दाखविते, म्हणजे नुसती होडी वर राहण्यास ४४ लिटर फोम लागतो. इंजिन, जाळी आणि काठाला धरून राहिलेली दोन माणसे विचारात घेता १२० ते १५० लिटर फोम हवा. बाकांखालच्या बंद पेट्यांत पाणी न शोषणारा फोम बसवावा. थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो आणि उंदीर कुरतडतात, त्यामुळे इंजिनाच्या होडीत तो नको. फोम मिळत नसेल तर घट्ट झाकणाचे २० लिटरचे सात रिकामे कॅन बाकांखाली, दोन्ही बाजूंच्या काठालगत पट्ट्यांनी पक्के बांधावेत. कीटकनाशकांचे कॅन वापरू नयेत. मग कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरून पाहावी. ती सपाट तरंगली पाहिजे व दोघांनी धरली तरी वर राहिली पाहिजे. ही चाचणी घेतल्याखेरीज विक्रेत्याला उरलेली रक्कम देऊ नये.

एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा किती लवकर उठतो हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान उजनी जलाशयात अशाच वादळात प्रवासी बोट उलटली व सहा जणांचा मृत्यू झाला. ती बोट मासेमारीची नव्हती, परंतु पाणी व वारा तेच आहेत. हलकी होडी वाऱ्याने लवकर वाहत जाते, हा ॲल्युमिनियमचा खरा दोष आहे. म्हणून पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट दोर असलेला नांगर जवळ असावा. ढग दिसताच जाळे तेथेच सोडून जवळच्या काठाला यावे. लाटांना होडीची बाजू देऊ नये, तोंड द्यावे. जीवरक्षक जाकीट अंगात घातलेले असावे, बाकाखाली नव्हे.

इंजिन व निगा

वल्ही व बांबू यांवर बहुतेक तलावांचे काम भागते. अंतर जास्त असल्यास २ ते ३ अश्वशक्तीचे लहान इंजिन पुरे. ते १५ ते २० कि.ग्रॅ. भरते व सारा भार मागच्या फळीवर येतो, म्हणून बर्फ व माशांचे क्रेट पुढे ठेवावेत. इंजिन लावण्यापूर्वी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार नोंदणीची व धरण अधिकाऱ्यांच्या परवानगीची चौकशी करावी. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्याची तरतूद ठेवण्यात आली. होडीसाठी या घडीला काय मिळते, ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारावे व मंजुरीपूर्वी खरेदी करू नये.

गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमला रंगाची गरज नाही. पण तांबे-पितळेचे बोल्ट, वायसर त्याला लावू नयेत. तेथे पत्रा खाल्ला जातो. ओला सिमेंटचा ओटा, चुना व धुण्याचा सोडा यांपासूनही होडी दूर ठेवावी. उन्हाने पत्रा तापतो व पायांचा आवाज होऊन मासे बुजतात, म्हणून आत गोणपाट किंवा रबरी चटई अंथरतात. ती रोज काढून वाळवावी, कारण खाली ओला चिखल साचून राहिल्यास पत्र्याला बारीक भोके पडतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना होडी पूररेषेच्या वर नेऊन, लाकडी ओंडक्यांवर पालथी ठेवावी.