एक डोमेन, दोन मेलसर्व्हर



रेगेन्सबर्ग हे तसे टपालाचेच गाव. साम्राज्याचे टपाल चालवणारे थुर्न उंड टाक्सिस घराणे १७४८ साली इथे आले. आता प्रश्न ईमेलचा.

छोट्या कंपन्यांत काही मेलबॉक्स ऑफिसच्या सर्व्हरवर, तर काही बाहेरच्या होस्टिंगवर असतात, डोमेन एकच. एमएक्स नोंद ऑफिसकडे असल्याने ग्राहकाचे पत्र पोचते. पण होस्टिंगवरच्या सहकाऱ्याने ऑफिसातल्याला पाठवलेली ऑर्डर "असा वापरकर्ता नाही" म्हणून परत येते! कारण होस्टिंगचा सर्व्हर ते डोमेन पूर्णपणे आपलेच समजतो, एमएक्स बघतच नाही.

उपाय: जे नाव सापडणार नाही ते ऑफिसकडे पाठव, असे होस्टिंगच्या सर्व्हरला सांगायचे. एक्सचेंजमध्ये याला 'इंटर्नल रिले' म्हणतात. ऑफिसच्या सर्व्हरवर मात्र सगळ्या पत्त्यांची यादी हवीच. होस्टिंगवरचे पत्ते नावानिशी तिकडे वळवायचे, बाकीचे नाकारायचे. दोघेही अनोळखी पत्ते एकमेकांकडे ढकलू लागले तर चुकीचा पत्ता गरगर फिरतो. (पोस्टफिक्स ५० टप्प्यांनंतर कंटाळतो!)

एसपीएफ नोंदीत दोन्ही सर्व्हर घाला, नाहीतर एकाची पत्रे स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते.